वर्गात मुलांनी आपलं आपण वाचावं म्हणून: आधी काय, मग काय, आणि कुठे चुकतं

इंदूरच्या बऱ्याच शाळांत हल्ली टाइमटेबलमधे 'रीडिंग पिरियड' दिसतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो चालतो कसा, तर पहिल्याच दिवशी कपाट उघडायचं, हाताला येतील ती पुस्तकं वाटायची, 'चला, चुपचाप वाचा' म्हणायचं आणि अर्धा तास कॉप्या तपासत बसायचं. दहाव्या मिनिटाला मागच्या बेंचवर गडबड, पंधराव्या मिनिटाला चार मुलं पुस्तक बदलायला उठलेली, आणि महिन्याभरात टीचर सांगतात की आमच्या मुलांना वाचायची आवडच नाही. आवडीचं नंतर बघू. क्रम चुकलाय. वीस मिनिटं शांत वाचन ही सहाव्या आठवड्याची गोष्ट आहे, मग अर्धा तास पहिल्या दिवशी कसा होणार?

खालचं सगळं तिसरी ते पाचवीच्या, पस्तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला धरून लिहिलंय. माध्यम हिंदी असो की इंग्रजी, पद्धत तीच. रविवारी मराठी वर्ग घेणाऱ्यांसाठी टप्पा ४ वेगळा आहे, तो सोडू नका, कारण आपल्याकडच्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी बोलतात आणि वाचायला हिंदीत शिकतात, त्यातून काही अडचणी येतात ज्या पुण्या-मुंबईच्या टीचरना येतच नाहीत.

टप्पा १: प्रत्येक मुलाला एकेकटं ऐका

पुस्तकांना हात लावायच्या आधी हे. एका मुलाला जवळ बसवा, एक न पाहिलेलं पान द्या, एक मिनिट मोठ्याने वाचू द्या, मग त्यातलंच काहीतरी विचारा. रोज पाच मुलं घेतली तर चाळीस मुलांचं काम आठ दिवसांत होतं, प्रार्थनेनंतरची दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

पान पाठ्यपुस्तकातलं नको. तिसरीतली कितीतरी मुलं पाठ्यपुस्तक फडाफडा 'वाचतात' आणि मधलाच एक शब्द बोटाने झाकून विचारला की गप्प होतात, कारण ते वाचन नाहीच, पाठांतर आहे.

अंदाजासाठी एक आकडा: निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेत (आपल्या मध्य प्रदेशात मिशन अंकुर) तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं धरलंय, दुसरीसाठी ४५ ते ६०. हा आकडा तुमच्या माहितीसाठी आहे, मुलांना सांगायला नाही आणि भिंतीवर लावायला तर मुळीच नाही.

ऐकून झालं की स्वतःच्या डायरीत तीन गट करा. एक, गोष्ट वाचून सांगू शकणारी. दोन, वाक्य वाचणारी पण अडखळणारी, जोडाक्षराला थांबणारी. तीन, मात्रा अजून पक्क्या नाहीत अशी. ही यादी डायरीतच राहू द्या. 'कमजोर बच्चे' हा शब्द एकदा वर्गात उच्चारला गेला की ती मुलं वर्षभर तुमच्यासमोर पुस्तक उघडायला घाबरतात.

तपासा: तिसऱ्या गटात कोण कोण आहे ते नावानिशी सांगता येतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पुस्तकं गोळा करा, आणि त्यातली बरीच बाजूला काढा

चाळीस मुलांना शंभर-सव्वाशे पातळ पुस्तकं हवीत. ऐकायला जास्त वाटतं, पण प्रत्येकाच्या हातात एकावेळी दोन-तीन असणार, शिवाय बदलायला काही उरली पाहिजेत. तेवढी नसतील तर वर्गाचे दोन भाग करा, एक भाग वाचेल, दुसरा चित्र काढेल नाहीतर लिहील. पुस्तकं कमी आणि मुलं जास्त असं झालं की पिरियड ओढाताणीत जातो.

कुठून आणायची? सरकारी प्राथमिक शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून लायब्ररीसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात, तर आधी शाळेच्या कपाटात काय पडलंय ते बघा, बरेचदा पुस्तकं आलेली असतात आणि 'खराब होतील' म्हणून कुलपात असतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर हिंदी आणि मराठी दोन्हींत चित्रपुस्तकं फुकट आहेत, लायसन्स असं की प्रिंट काढून वाटलीत तरी चालतं, आणि तिथे लेव्हल १ ते ४ असं लिहिलेलं असतं त्यामुळे निवडणं सोपं जातं. हिंदीसाठी भोपाळहून निघणारी 'चकमक' ही मुलांची पत्रिका आहे, एकलव्य संस्थेची, १९८५ पासून. लहान मुलांसाठी 'प्लूटो' ही पत्रिका तर फारच गोड. मराठीत बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. जुनी पुस्तकं पाहायची तर आपला खजूरी बाजार आहेच, तिथे गाइडांच्या ढिगाऱ्यामागे कधीकधी मुलांचंही काही सापडतं, फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, राजवाड्याच्या गर्दीतून गाडी निघत नाही.

आता छाटणी. बारीक टाइपची, पानभर मजकूर आणि कोपऱ्यात एक चित्र अशी, आणि शेवटी ठळक अक्षरात 'शिकवण' छापलेली पुस्तकं पहिल्या दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवा. दान आलेल्या पुस्तकांत यांचाच भरणा असतो. माझं मत ठाम आहे, वाचायला नुकतं लागलेल्या मुलाला शिकवण नको असते, त्याला पुढे काय झालं ते हवं असतं.

शब्दाविना चित्रपुस्तकं मात्र ठेवा, पाचवीच्या वर्गातही. आणि माहितीची पुस्तकं विसरू नका, साप, ट्रक, क्रिकेट, ग्रह. गोष्टीला हात न लावणारी काही मुलं सापांचं पुस्तक तीनदा वाचतात.

मांडणी: प्लास्टिकच्या बास्केट किंवा खोकी, विषयाप्रमाणे. प्राणी, घरच्या गोष्टी, हसायच्या गोष्टी, माहिती. अवघड-सोपं असा भेद बास्केटवर दिसता कामा नये, त्यासाठी मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने छोटा टिंब करा, एक, दोन किंवा तीन, तेवढं तुम्हाला कळलं की झालं. थोडी पुस्तकं खिडकीपाशी सुतळी बांधून चिमट्यांनी लटकवा म्हणजे कव्हर दिसतं. मूल कव्हर बघून पुस्तक उचलतं, नुसता कणा दिसणारी रांग त्याला काहीच सांगत नाही.

सावधान: 'नवीन पुस्तकं आहेत, हात धुऊन, पान न दुमडता, सांभाळून' इतक्या सूचना पहिल्याच दिवशी दिल्यात तर मुलं पुस्तक हातात घ्यायलाच कचरतात. पान कसं उलटायचं ते एकदा करून दाखवा, पुरे.

टप्पा ३: पुस्तक निवडायला शिकवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. निवडणं शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही. दोन पूर्ण पिरियड याला द्या, त्या दोन पिरियडमधे वाचन झालं नाही तरी चालेल.

पहिल्या पिरियडला तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर एक पुस्तक निवडा, मनातलं मोठ्याने बोलत. कव्हर बघितलं, मागचं वाचलं, मधलं एक पान उघडलं, हे जरा अवघड वाटतंय, हे ठेवते, दुसरं बघते. पुस्तक परत ठेवणं ही चूक नाही हे मुलांना तुमच्याकडून दिसू द्या. दुसऱ्या पिरियडला त्यांना करू द्या.

अवघड-सोपं ओळखायला 'पाच बोटांचा नियम' खूपजण सांगतात, पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाच झाली की पुस्तक अवघड. नियम चांगला आहे पण तो साधारण शंभर शब्दांच्या पानाला लागू पडतो. आपल्या चित्रपुस्तकांत एका पानावर वीस-पंचवीस शब्द असतात, तिथे पाच शब्द अडले म्हणजे पाचातला एक अडला, त्या वेगाने गोष्ट कळूच शकत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, दोन पानं वाच, तीन बोटं दुमडली की पुस्तक परत. मोठा मजकूर असेल तेव्हा पाच.

आणि यात एक सूट ठेवा. ज्याला ते अवघड पुस्तक हवंच आहे, त्याला घेऊ द्या, सोबत एक सोपं ठेवायला सांगा. "मॅम, मला ही वाली पाहिजे" असं म्हणून डायनोसॉरचं जाड पुस्तक छातीशी धरलेल्या मुलाच्या हातातून ते काढून घेण्यात काही हशील नाही. चित्रं बघेल, खालच्या ओळी वाचेल.

तपासा: मूल 'हे का घेतलंस' याचं काहीतरी उत्तर देतंय का? 'ये सबसे पतली थी' हेही सुरुवातीला चालेल.

टप्पा ४: मराठी पुस्तकं देणार असाल तर आधी हे करा

लिपी देवनागरीच आहे ना, मग वाचतीलच, असं आईवडील आणि टीचर दोघंही धरून चालतात. वाचतात, पण अडतात, आणि अडतात ते ठरावीक ठिकाणीच.

हिंदी शाळेतलं मूल 'ळ' ला थांबतं किंवा 'ल' वाचतं, 'बाळ' चा 'बाल' झाला की त्याला हिंदीतला 'बाल', म्हणजे केस, आठवतो आणि गोष्ट तिथेच सुटते. मराठी छपाईतले 'ल' आणि 'श' बरेचदा वेगळ्या वळणाचे असतात, ते हिंदीवाल्या मुलाने पाहिलेलेच नसतात. 'मुलं', 'झालं', 'केलं' यातला शेवटचा टिंब ते नाकातून वाचतात. 'बॅट' मधली चंद्र खूण नवी, कारण हिंदीत 'बैट' लिहितात. 'ज्ञ' चा 'ग्य' होतो. 'सुऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा ऱ त्यांना माहीतच नाही. आणि च, ज यांचे दोन उच्चार, 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च, हे कुठे लिहून दाखवता येत नाही, ते कानानेच कळतं.

म्हणून एक तक्ता करा, मोठ्या कागदावर, ही सात-आठ अक्षरं आणि प्रत्येकासमोर मुलाला घरचा असलेला शब्द. बाळ, पोळी, शाळा, मुलं, बॅट. दोन पिरियड मोठ्याने खेळून घ्या, मग तक्ता भिंतीवर राहू द्या. व्याकरण सांगत बसू नका. ही मुलं बोलताना 'पोळी' बरोबरच म्हणतात, फक्त आवाज आणि अक्षर जुळवून द्यायचंय.

मराठी वर्गातली पहिली पुस्तकं वयापेक्षा एक पायरी सोपी घ्या. चौथीत हिंदी सरळ वाचणारी मुलगी मराठीत दुसरीचं पुस्तक वाचेल, त्यात कमीपणा नाही, पण तिला तो वाटू शकतो, तेव्हा 'छोट्या भावाला वाचून दाखवायला ने' असं सांगून द्या, ती खुशीने नेते.

टप्पा ५: पाच मिनिटांपासून सुरू करा

पिरियडच्या आधीच पुस्तकं मुलांकडे असली पाहिजेत. प्रत्येकाची एक कापडी पिशवी किंवा मोठं पाकीट, नाव लिहून, त्यात दोन-तीन पुस्तकं. बदलायचं काम सकाळी आल्यावर किंवा सुट्टीत. वाचनाच्या वेळेत कुणीही बास्केटपाशी जायचं नाही, हा एकच नियम कडक ठेवा, बाकी सगळ्यात ढील द्या. कोण कुठे बसतं, जमिनीवर का बेंचखाली, त्याने काही बिघडत नाही.

पहिला आठवडा पाच मिनिटं. हो, पाचच. मुलं 'और पढ़ना है' म्हणत असताना थांबवा. दुसऱ्या आठवड्यात आठ, तिसऱ्यात दहा-बारा, असं करत सहाव्यापर्यंत वीस. वर्ग अस्वस्थ झाला की ती वेळ त्या दिवसापुरती संपली, ताणू नका, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं कमी करा. रोज दहा मिनिटं मिळत असतील तर ती आठवड्यातून एकदाच्या चाळीस मिनिटांपेक्षा कितीतरी बरी, प्रिन्सिपलशी बोलून एवढं मिळवाच.

'एकदम चुप' ची अपेक्षा तिसरीत ठेवू नका. नुकतं वाचायला लागलेलं मूल पुटपुटत वाचतं, ओठ हलवतं, बोट ठेवतं, ही त्याची गरज आहे. पुटपुटणं हळूहळू आपोआप कमी होतं. बोट काढायला सांगणाऱ्या टीचरना मी हात जोडून विनंती करते की ते बोट राहू द्या.

सावधान: एकामागून एक उभं राहून वाचणं म्हणजे स्वतंत्र वाचन नव्हे. त्यात एक मूल वाचतं आणि बाकीचे आपला नंबर कोणत्या ओळीवर येणार ते मोजत बसतात.

टप्पा ६: त्या वेळात तुम्ही काय करायचं

कॉप्या तपासायच्या नाहीत, मोबाइलवर हजेरी भरायची नाही. अमेरिकेत २००० साली वाचनावर एक मोठा सरकारी अहवाल आला होता, त्यात मोठ्याने वाचून घेऊन मदत करण्याचा फायदा दिसला होता, पण नुसतं शांत वाचायला बसवून वाचन सुधारतं याला पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. त्यावरून काहींनी वाचनाचा पिरियडच नको असं ठरवलं. मला वाटतं त्यातून घ्यायचं ते वेगळं: मुलांना एकटं सोडायचं नाही.

पहिली दोन मिनिटं फक्त बघा. कुणाचं पान उलटत नाहीये, कोण फार भराभर उलटतंय. मग एकेका मुलाशेजारी जाऊन बसा, त्याच्या उंचीवर, स्वतः वाकून उभं राहू नका. तीन-चार मिनिटं एकाला. वीस मिनिटांत चार मुलं होतात, म्हणजे रोज केलं तर दहा शाळेच्या दिवसांत चाळीस.

बोलायचं काय? 'काय चाललंय गोष्टीत?' 'इथपर्यंत कोण आवडलं?' 'जरा हे पान मला वाचून दाखव.' एवढंच. वाचताना अडलं तर मनात पाच आकडे मोजा, मग बोला. आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपण शब्द सांगून टाकतो, पण त्या पाच सेकंदांत मूल बरेचदा स्वतःच सुटतं. नाहीच सुटलं तर 'पहिलं अक्षर काय आहे?', 'चित्रात बघ, मग परत अक्षरं बघ', आणि तरीही नाही तर सरळ सांगून टाका, गोष्ट पुढे गेली पाहिजे.

प्रत्येक चूक पकडायची नसते. 'झोपडी' ऐवजी 'घर' वाचलं तर अर्थ शाबूत आहे, पान संपू द्या, मग बोट ठेवून एकदा बघायला सांगा. 'पाणी' चं 'पानी' म्हटलं तर तेवढ्यासाठी थांबवू नका, त्याने शब्द ओळखलाय. पण अर्थ तुटला आणि मूल तसंच पुढे गेलं, तर तिथे थांबवायचंच, 'हे बरोबर वाटतंय का तुला?' असं विचारून. आपण वाचलेलं आपल्याला पटतंय का हे मुलाने स्वतः तपासायला लागणं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

डायरीत एक ओळ लिहा: तारीख, पुस्तक, काय अडलं. 'रफार', 'जोडाक्षर', 'समजलं नाही', असं. आठवड्याने त्या ओळी वाचल्या की सोमवारी काय शिकवायचं ते समोर दिसतं.

टप्पा ७: जी मुलं अजून वाचू शकत नाहीत

तिसरा गट आठवतोय ना? या मुलांना मात्रा शिकवायचं काम वाचनाच्या पिरियडने होणार नाही, ते वेगळ्या वेळी, रोज, नीट शिकवावंच लागेल. ज्याला 'कि' आणि 'की' मधे गोंधळ आहे तो पुस्तक घेऊन वीस मिनिटं बसला तर फक्त बसलेला असतो, आणि दिसतो मात्र वाचणाऱ्यासारखा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथे खूप मुलं अडतात.

वाचनाच्या वेळेत त्यांना चित्रपुस्तकं द्या, गोष्ट चित्रांवरून सांगू द्या. नाहीतर आदल्या दिवशी तुम्ही वर्गात मोठ्याने वाचलेलं पुस्तकच द्या, गोष्ट माहीत असते त्यामुळे शब्द ओळखायचा धीर येतो. जोडी लावायची तर दुसऱ्या गटातल्या मुलाबरोबर लावा, पहिल्या गटातलं हुशार मूल सगळं स्वतःच वाचून टाकतं.

टप्पा ८: वाचून झाल्यावर

पाच मिनिटं गप्पा. दोन-तीन मुलांनी आपल्या पुस्तकाबद्दल काही सांगायचं, तेही मर्जी असेल तर. सारांश लिहा, पाच प्रश्नांची उत्तरं लिहा, नवे शब्द उतरवून त्यांचे अर्थ लिहा, हे नको. लिहायचंच तर एक रजिस्टर ठेवा ज्यात मूल तारीख आणि पुस्तकाचं नाव लिहील, आणि पुस्तक अर्धवट सोडलं तर 'सोडलं' असं लिहील. सोडायची मोकळीक द्या. 'सबसे ज़्यादा किताबें किसने पढ़ीं' अशी स्पर्धा लावली की मुलं पातळ पुस्तकं शोधून पानं उलटायला लागतात, आठवडा लागत नाही त्याला.

पुस्तकं घरी जाऊ द्या. शुक्रवारी एक न्यायचं, सोमवारी आणायचं. आईवडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच कळवा: वाचून घेऊ नका, चुका काढू नका, शेजारी बसून ऐका. आपल्याकडे बऱ्याच मराठी घरांत आजीला मराठी वाचन येतं आणि नातवंडाला हिंदी, तर आजीला सांगा की एक पान तुम्ही वाचा, एक पान तो. पुस्तकं हरवतील, फाटतील. दंड लावू नका, फाटलेलं चिकटवायला मुलांनाच बसवा, टेप आणि कात्री बास्केटपाशीच ठेवा.

सहाव्या आठवड्यात काय बघायचं

टप्पा १ सारखं परत ऐका, पण सगळ्यांना नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या मुलांना. स्पीडपेक्षा आधी हे बघा: अडल्यावर मूल मागे जाऊन परत वाचतंय का, पुस्तक स्वतः निवडतंय का, मित्राला 'ही पढ़, मस्त है' म्हणतंय का. तेच पुस्तक चौथ्यांदा घेणाऱ्याला अडवू नका, परत परत वाचण्यानेच ओघ येतो. फक्त महिनाभर एकच पुस्तक चाललं तर त्याच बास्केटमधलं दुसरं हातात द्या.

काहीच हललं नसेल तर बहुतेक वेळा कारण तीनातलं एक असतं: पुस्तकं अवघड आहेत, पिरियड रोज होत नाहीये, किंवा तुम्ही त्या वेळात दुसरंच काम करताय. याच क्रमाने तपासा.

पावसाळ्यात बास्केट भिंतीला लागून ठेवू नका, ओल येते आणि कसर लागते, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका आणि ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं व्हरांड्यात पसरा. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाला दोन पुस्तकं घरी द्या, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वीस मिनिटांवरून सुरू करू नका, दहावर या, आठवड्याभरात परत वीसवर जाल.